देवाला दावं नसतं

कंधार
४ सप्टेंबर २०२२

चि. सौ. शिवकांतास अण्णाचा आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोन सोडून पत्र लिहितो ते माझ्या कानांमुळे. परवा तू अर्धा तास बोललीस, त्यातलं मला 'पोळा' आणि 'पुरण' एवढंच कळलं. बाकी मी नुसता हं हं करत होतो. कानातलं यंत्र लावलं की शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू येते, माणूस ऐकू येत नाही. तेव्हा यापुढे आपलं पोस्टच बरं. भांडायलाही सोयीचं, मध्ये कुणी तोंड घालत नाही.

आधी कामाचं. जनावरांत लम्पी आला आहे आणि तो आपल्या भागाकडे सरकतो आहे. ताप चढतो, अंगभर गाठी येतात, जनावर वैरणीला तोंड लावत नाही. माशा, डास आणि गोचीड त्याला या गोठ्यातून त्या गोठ्यात नेतात. बत्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून जखमा बांधल्या, म्हणून सांगतो. लसवाले आले की तांबडीला टोचून घे, बैलांना टोचून घे, आणि तुझ्या बसवाला सगळ्यांच्या आधी. तो मी दिलेल्या लाल कंधारी तांबडीचाच गोऱ्हा, म्हणून नव्हे. दाजी ट्रॅक्टरखालून जिवंत निघाले म्हणून तू त्याचा पोळ करून त्याला महादेवाला सोडलंस, त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून गावातला एकही गोठा त्याला परका नाही, म्हणून सांगतो.

आता बिनकामाचं. काल आमच्या गल्लीत कीर्तन होतं. बुवा म्हणाले, कोरोना म्हणजे देवानं केलेली निंदणी. तण तेवढं उपटलं. मी उभा राहिलो आणि विचारलं, "महाराज, माझी महानंदा तण होती का?" लोकांनी मला हाताला धरून बाहेर आणलं, पाणी पाजलं. बुवांनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. दिलं असेल असं वाटतही नाही.

दीड वर्ष झालं, शिवा. डोकं थाऱ्यावर येत नाही. देव असा असेल, तर सैतानाची वेगळी गरजच काय?

तुझा,
रामलिंग


(ता. शिरूर अनंतपाळ)
१७ सप्टेंबर २०२२

ती. रामलिंग अण्णास शिवकांताचे शरणु शरणार्थी.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमननं मला दोनदा विचारलं, सरकारी आहे का म्हणून. आजकाल माणसांची पत्रं येतच नाहीत.

कीर्तनात उभा राहून भांडलास हे वाचून मला हसूही आलं आणि रडूही. लहानपणी प्रसादाचा शिरा कमी आला म्हणून तू पुजाऱ्याशी भांडला होतास, तोच तू. पण अण्णा, असं बोलू नये. वहिनीला देवानंच नेलं, त्याची तेवढीच इच्छा होती. तुझ्या हातात काय होतं? तू धावपळ केलीस, नांदेडच्या दवाखान्यात जागा मिळाली नाही, त्याला तू काय करणार? मी रोज लिंगपूजेला बसते तेव्हा वहिनीचं नाव घेते. तुझंही घेते, तुला आवडो न आवडो.

काल लसवाले येऊन गेले. शाळेच्या मैदानात सगळं गाव जनावरं घेऊन उभं होतं, जत्रेसारखं. तांबडीला टोचलं, दोन्ही बैलांना टोचलं. तांबडीनं डॉक्टरच्या पायावर पाय दिला. तुमचे दाजी तर म्हणाले, शेळ्यांच्या देवीची लस गाईला कशी चालते? डॉक्टर म्हणाले, चालते. आज मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन होतं, तिथेही लशीच्याच गप्पा.

बसवाचं विचारलंस. तो मजेत आहे. रोज सकाळी देवळापासून निघतो आणि पहिला आपल्याच अंगणात येतो. भाकरी घेतल्याशिवाय हलत नाही.

तू इकडे ये ना. वहिनी गेल्यापासून तू माझा उंबरा शिवला नाहीस. देव्हारा आहे म्हणून येत नसशील तर मी त्यावर पडदा टाकते.

तुझी,
शिवकांता


कंधार
२२ सप्टेंबर २०२२

चि. शिवकांता,

'तुझ्या हातात काय होतं' हे वाक्य पुन्हा मला लिहू नकोस. दुसरं काहीही लिही.

देव्हाऱ्यावर पडदा टाकू नकोस. मला मूर्तीचा राग नाही, कारभाराचा राग आहे. मी आयुष्यभर सरकारी नोकरी केली, मला कारभार कळतो. कागदावर सही साहेबाची असते आणि लोक शिव्या शिपायाला देतात. देवाच्या खात्यात सैतान हा असाच एक शिपाई दिसतो. पाऊस चांगला झाला की साहेबाचा सत्कार, गारपीट झाली की शिपायाची चौकशी. पण त्याच्या हुकमाशिवाय पान हलत नाही असं तुम्हीच म्हणता ना? मग शिपायाला सुट्टी कोण देतो, कामावर कोण पाठवतो? एक तर देवाला सगळं जमतं, मग हे सगळं त्यानंच केलं. नाहीतर त्याला जमत नाही, मग नवस कशाला? तिसरी वाट मला सापडत नाही. रोज किल्ल्याच्या खंदकापर्यंत चालत जातो आणि तेच घोकत परत येतो.

आणि तुझ्या पत्रातली ती देवीची लस. दाजींना सांग, आपले लोक माणसाला फोड आले तरी म्हणायचे, देवी आल्या. रोग तिनंच आणायचा आणि तिनंच हात फिरवून बरा करायचा. आता दिवाळी येईल. पाडव्याला तू दाजींना ओवाळताना म्हणशील, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. बळी कोण? राक्षस. त्याला पाताळात कुणी घातलं? देवानं. राज्य राक्षसाचं मागायचं आणि पाया त्याला गाडणाऱ्याच्या पडायचं, हे आपण शेकडो वर्षं बिनबोभाट करत आलो.

तुला राग येईल. ये म्हणतेस, पण मी असा माणूस झालोय. तुझ्या घरी येऊन काय करू?

बसवा मजेत आहे म्हणजे त्याला टोचलं ना? तेवढं कळव.

रामलिंग


(ता. शिरूर अनंतपाळ)
६ ऑक्टोबर २०२२

ती. अण्णास शरणु शरणार्थी.

काल दसरा झाला. सोनं वाटायला कुणी कुणाच्या घरी गेलं नाही. अण्णा, तांबडी गेली.

तू दिलेली गाय मी राखू शकले नाही. आधी पाय सुजले, मग मानेवर, पोटावर गाठी. पाच दिवस वैरण नाही, पाणी नाही. मी गुळाचं पाणी बोटानं तिच्या जिभेला लावत होते. गेली तेव्हा तिचे डोळे माझ्याकडे होते. तुमच्या दाजींनी पोरांना घेऊन खड्डा खणला, वर चुना टाकला. गावातली अकरा जनावरं गेली आहेत. लस टोचूनही गेली, म्हणून लोक डॉक्टरवर चिडले आहेत.

पण आता कारण कळलं आहे. बाहेरून एक देवऋषी आणला होता. त्यानं देवळासमोर बसून सांगितलं, गावात सैतान शिरला आहे, बाईच्या रूपानं फिरतो, शेणाला हात लावतो. अजून काय सांगायला पाहिजे? देवळामागे राहणारी धोंडाबाई तुला आठवत असेल. एकटी बाई, गावभर शेण वेचून गोवऱ्या थापते. ती गोठ्यागोठ्यात फिरते, ती हात लावते तिथलं जनावर पडतं, असं बायका आधीपासूनच म्हणत होत्या. पोळ्याच्या वेळी ती बसवाच्या पाठीवरून हात फिरवत काहीतरी पुटपुटत होती, तेही एकीनं पाहिलं होतं.

लोकांनी तिच्या पत्र्यावर दगड टाकले. तिला हापशावर पाणी भरू देईनात. तिसऱ्या दिवशी ती गाठोडं घेऊन गेली.

मी दगड मारले नाहीत. पण मी काही बोललेही नाही. तू विचारतोस ना, देवाच्या राज्यात सैतान कशाला? बघ, असतो सैतान. माझी गाय गेली तेव्हा मला पटलं.

शिवकांता


कंधार
८ ऑक्टोबर २०२२

चि. शिवकांता,

तांबडीचं वाचलं. ती वासरू असताना मी तिला बाटलीनं दूध पाजलं होतं. तुझा काही दोष नाही असं लिहिणार होतो, पण ते वाक्य मला आता लिहिता येत नाही.

रडून झालं असेल तर एक काम कर. कोणत्या घरचं जनावर कधी आजारी पडलं ते ओळीनं लिही. पहिलं कुठलं, दुसरं कुठलं. कोणता भाग वाचला तेही लिही. रोगाच्या पाऊलखुणा असतात, त्या मला वाचता येतात.

धोंडाबाई कुठे गेली तेही कळव. आणि मी मागच्या पत्रात एक विचारलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही.

रामलिंग


(ता. शिरूर अनंतपाळ)
११ ऑक्टोबर २०२२

ती. अण्णास शरणु शरणार्थी.

तू विचारलंस म्हणून लिहिते. सगळ्यात आधी आपलीच तांबडी आजारी पडली, २४ सप्टेंबरला. मग दोन दिवसांनी शेजारच्या पोलीस पाटलांची म्हैस, ती वाचली. मग चिंचेखालच्या किशनरावांचे दोन्ही बैल, ते गेले. मग खालची गल्ली, तिथे ओळीनं. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर एकही जनावर पडलं नाही. तिकडे मारुतीचं ठाणं आहे, सैतान तिकडे पाय ठेवू शकत नाही, असं लोक म्हणतात. खरं असेल. धोंडाबाई तर तिकडेही रोज जायची, ओढ्यावर टाकलेल्या खांबावरून शेणाची पाटी डोक्यावर घेऊन. तरी तिकडे काही झालं नाही.

ती नायगावला भाचीकडे आहे, बसस्टँडच्या मागे. पाडव्याला सगळं गाव देवळात जमणार आहे. तिचं खोपट पाडायचं, जागा नांगरायची आणि तिला पुन्हा शिवेच्या आत घ्यायचं नाही, असं ठरवणार आहेत. प्रत्येक घरच्या कर्त्या माणसानं नारळावर हात ठेवून हो म्हणायचं. तुमचे दाजी जाणार आहेत.

बसवाच्याही अंगावर गाठी फुटल्या आहेत, पण तो हिंडतो आहे. देवाचा आहे, त्याला काही होणार नाही.

शिवकांता


कंधार
१५ ऑक्टोबर २०२२

चि. शिवकांता,

तुझं पत्र वाचलं आणि पाय घरात ठरेना. दुसऱ्या दिवशी नायगावची गाडी पकडली.

आधी हे समजून घे. देऊळ, तुझं अंगण, पोलीस पाटील, चिंच, खालची गल्ली. हा रस्ता कुणाचा आहे? मी तुझ्याकडे येऊन राहायचो तेव्हा रोज सकाळी ओट्यावर बसून बघायचो. हा बसवाचा भाकरीचा फेरा आहे. ओढ्यावरच्या खांबावरून माणूस जातो, जनावर जात नाही, म्हणून पलीकडची वस्ती वाचली. मारुतीचा काही संबंध नाही. धोंडाबाईच्या हातानं रोग गेला असता तर तो तिच्याबरोबर खांबावरून पलीकडे गेला असता. लस टोचली तरी अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात; त्याआधीच बसवा दारोदार रोग वाटून आला होता.

धोंडाबाई भाचीच्या दारात गोवऱ्या थापत बसली होती. मला ओळखलं. म्हणाली, "तुमच्या गाईचं लई वाईट झालं, अण्णा." मी विचारलं, बसवाला टोचलं होतं का? ती थापतच राहिली. मग तुटक तुटक बोलली. लसवाले आले त्या सकाळी तिनं डॉक्टरला सांगितलं होतं, "महाराजाचं अंग तापलंय, नाकातून पानी गळून राहिलंय." डॉक्टरनं ताप बघायला आणि पोळाला वेगळं बांधायला दोरी मागवली. पण कुणीतरी आडवं आलं. कोण, ते ती सांगेना. मी कानातलं यंत्र नीट बसवून पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "ज्यानं अडवलं त्याला ठावं हाय. मी कशाला कुणाचं नाव घिऊ? माझं नाव घिऊन काय झालं ते बघितलंच की."

मला नाव कळलं आहे. नारळावर हात ठेवायला कोण निघालं आहे ते तूच लिहिलंस. गुरुबसप्पाला सांग, दाजी असला तरी मी त्याला सोडणार नाही. ट्रॅक्टरखालून वाचला तो माणूस आता एका म्हाताऱ्या बाईच्या छपरावर नांगर फिरवतो आहे. आणि तू हे सगळं माहीत असून 'बसवा मजेत आहे' असं मला लिहिलंस. नवऱ्याला झाकलंस.

पाडव्याच्या आत त्यानं लोकांसमोर खरं सांगावं. नाहीतर मी येऊन सांगतो, बहिरा असलो तरी मुका नाही.

रामलिंग


(ता. शिरूर अनंतपाळ)
१९ ऑक्टोबर २०२२

ती. अण्णास,

ह्यांना काही बोलू नकोस. ते त्या दिवशी मैदानात नव्हतेच, शेतात सोयाबीन बघायला गेले होते. आडवी मीच आले होते.

डॉक्टरच्या हातात दोरी होती. बसवा उभा होता, डोळे अर्धे मिटलेले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्यानं सकाळी भाकरी नुसती हुंगली होती. पण मला दोरी दिसली आणि दुसरं काही दिसेनासं झालं. आठ वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हातानं त्याचं दावं सोडलं होतं आणि महादेवाला म्हणाले होते, माझा नवरा दे, हा तुझा. आता पुन्हा दावं घातलं तर देव दिलेलं परत नेईल, असंच मनात आलं. मी बसवापुढे हात पसरून उभी राहिले. सगळ्या गावासमोर म्हणाले, "देवाला दावं नसतंय, सायब. आमच्या म्हाराजाच्या अंगाला कुनी हात लावायचा न्हाई." लोकांनी 'हर हर महादेव' केलं. डॉक्टर तरुण होता, त्यानं दोरी गुंडाळून ठेवली. धोंडाबाई पुन्हा म्हणाली, "बाई, तापलाय त्यो, बघा तर." मी तिच्यावर ओरडले, देवाला नजर लावतीस का म्हणून.

अण्णा, 'नजर' हा शब्द आधी माझ्याच तोंडून गेला. पुढे देवऋषी आला, दगड आले, ते सगळं त्याच्या मागून.

मग मी तुला लिहिलं, बसवा मजेत आहे. तांबडी पडली तेव्हा मला आतून माहीत होतं. बसवानं तिच्या गव्हाणीत तोंड घातलेलं मी पाहिलं होतं. आपल्याच आईच्या. पण सैतान धोंडाबाईत आहे असं कुणी म्हणालं, की मला तेवढा वेळ बरं वाटायचं. तुला लिहिताना तर अजूनच बरं वाटलं.

आता तू एवढा विचार करणारा, मला एक सांग. त्या सकाळी माझ्या तोंडातून कोण बोललं? कारण मला पक्कं वाटत होतं की देव बोलतो आहे. अंगावर काटा आला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. सैतान बोलताना असं होतं का? असं होत असेल तर यापुढे मी पूजेला बसून काय ओळखू?

पाडवा बुधवारी आहे. मी बोलले तर ह्यांना गावात मान वर करता येणार नाही. ज्यांची जनावरं गेली ती घरं माझ्या तोंडाकडे बघतील. नाही बोलले तर खोपट पडेल.

शिवकांता


कंधार
२२ ऑक्टोबर २०२२

चि. शिवकांता,

हे पत्र एसटीच्या कंडक्टरजवळ देतो आहे, म्हणजे पाडव्याच्या आत पोचेल. दाजींची माझ्या वतीनं माफी माग. समोर आलो तर मी स्वतः मागेन.

तू विचारलंस, कोण बोललं. चार दिवसांपूर्वी मी झटकन उत्तर दिलं असतं. आज मला ते देता येत नाही, कारण आधी मला माझं सांगितलं पाहिजे.

महानंदाला नांदेडच्या दवाखान्यात जागा मिळाली नाही, असं मी तुला सांगितलं, पोरांना सांगितलं, सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. जागा होती. ताप आल्याच्या दुसऱ्याच दिवशी माझा दवाखान्यातला जुना सोबती आनंदराज यानं तिकडे ओळखीनं पलंग धरून ठेवला होता आणि सकाळी सातला दारात ऑटो आणला होता. महानंदा लुगडं बदलून, पिशवी भरून ओट्यावर बसली होती. पिशवीत तिनं माझ्यासाठी दोन भाकरीही बांधून घेतल्या होत्या. मी ऑटो परत पाठवला. लोक दवाखान्यात जातात आणि गुंडाळून येतात, असं त्या दिवसांत रोज ऐकत होतो. मला भीती वाटली. पण भीती वाटते असं म्हणालो नाही. म्हणालो, "मला कळतंय. बत्तीस वर्षं झाली, मी घरीच बरी करतो." जनावरांचा ड्रेसर मी. ती पिशवी उचलून आत गेली. चौथ्या दिवशी मीच ऑटो शोधत रस्त्यावर पळत होतो, तेव्हा खरंच जागा नव्हती.

म्हणून 'तुझ्या हातात काय होतं' हे मला वाचवत नाही. माझ्या हातात होतं, शिवा. दीड वर्ष मी देवाला धारेवर धरलं, कारण तो उलटून विचारत नाही की ऑटो कुणी परत पाठवला. तुम्ही लोक देवाला वाचवायला सैतान शोधता. मी मला वाचवायला देव शोधला. माझा तर त्याच्यावर विश्वासही नव्हता, तरी त्याच्याकडून काम करून घेतलं.

देव आहे की नाही, तो चांगला की वाईट, हे मला अजून कळलेलं नाही. पण तुझ्या तोंडातून त्या दिवशी तूच बोललीस आणि माझ्या तोंडातून मी. अंगावर काटा येणं हा पुरावा नाही. ऑटो परत पाठवताना माझ्याही अंगात मोठी हिंमत आल्यासारखं वाटलं होतं.

महानंदाला मला आता काही सांगता येत नाही. धोंडाबाई जिवंत आहे. तुझ्याकडे बुधवारपर्यंत वेळ आहे. माझ्याकडे तेवढाही नव्हता.

रामलिंग


(ता. शिरूर अनंतपाळ)
३० ऑक्टोबर २०२२

ती. अण्णास शरणु शरणार्थी.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. वहिनीच्या पिशवीचं वाचलं. देवाची इच्छा, असं लिहायला आता माझाही हात चालत नाही. तू चुकलास, अण्णा. एवढंच लिहिते, कारण तुला तेच हवं आहे असं वाटतं.

मंगळवारीच ह्यांना सगळं सांगितलं. पाडव्याला मी त्यांना ओवाळलं, पण इडा पिडा टळो म्हटलं नाही. ते म्हणाले, "चल, उशीर व्हईल." म्हणजे मी यावं असंच त्यांनी धरलं होतं.

देवळात सगळं गाव होतं. नारळ मध्ये ठेवला होता. पहिला हात ठेवायला पोलीस पाटील उठले, तेव्हा मी पुढे गेले. बायका तिथे जात नाहीत. मी नारळावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोळाला ताप व्हता. धोंडाबाईनं सांगितलं व्हतं. मी बांधू दिला न्हाई. तिच्यात काय सैतान न्हाई, जे केलं ते म्या केलं." कुणी शिवी दिली नाही, ती दिली असती तर बरं झालं असतं. किशनराव फक्त म्हणाले, "वहिनी, हे तवाच बोलला असता तर माझे बैल ऱ्हायले असते." आणि चप्पल घालून निघून गेले. खोपट पाडायचा विषय कुणी पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी नायगावला गेले. धोंडाबाईच्या पाया पडले. तिनं पाय मागे घेतले, पण माफ केलं असं म्हणाली नाही. मी विचारलंही नाही. एवढंच म्हणाली, "मला सैतान म्हनले त्याचं सोडा, बाई. पर येवढं सांगून बी कुनी त्याच्या अंगाला हात लावून बघितला न्हाई." ती माझ्याबरोबर परत आली. गाडीत माझ्या शेजारी बसली नाही, मागच्या सीटवर बसली.

आणि अण्णा, आता लोकांनी बसवाला धरलं आहे. जे दारात भाकरी घेऊन उभे राहायचे ते दार लावून घेतात. पोरं म्हणतात, सैतान आला. काल कुणीतरी त्याला काठी मारली, आठ वर्षांत पहिल्यांदा. त्याला शिवेपलीकडे हाकलून द्यायचं चाललं होतं, म्हणजे पुढच्या गावाच्या गळ्यात घालायचं. तो मात्र रोज तसाच निघतो, देवळापासून, आणि बंद दारासमोर उभा राहतो. त्याला काय माहीत तो देव कधी होता आणि कधी राहिला नाही.

आज सकाळी मी त्याला बांधलं. तांबडीच्या खुंट्याला, तांबडीच्याच दाव्यानं. मला वाटलं होतं झटका देईल, शिंग उगारेल. त्यानं मान खाली केली, नीट गळ्यात घालता यावं म्हणून. मी तिथेच बसून रडले. मग देव्हाऱ्यात दिवा लावला. काय मागावं ते सुचलं नाही, नुसता लावला.

ताप उतरला आहे, पण मागच्या पायाला आणि छातीला गाठी फुटून मोठ्या जखमा झाल्या आहेत. एकीत अळ्या आहेत. तालुक्याचा डॉक्टर औषध देऊन गेला, पण रोज धुवून बांधणारं कुणी नाही. ह्यांना ते बघवत नाही. धोंडाबाई सकाळी येऊन कडुनिंबाचं पाणी ठेवून जाते, माझ्याशी बोलत नाही.

तू विचारलं होतंस ना, तुझ्या घरी येऊन काय करू? हे कर. देव कोण आणि सैतान कोण हे कळलं असेल तर येताना सांग, नसेल कळलं तरी ये. पट्ट्या आणि तुझी ती जुनी कात्री आण. गुरुवारी सकाळची गाडी पकड. धरायला मी आहे.

तुझी,
शिवकांता